सहकारी बँकेचं मोबाइल अ‍ॅप निवडताना: बाजारपेठ हवी की खिडकी?

गेल्या काही काळात तीन सहकारी बँकांकडून मला जवळजवळ एकच प्रश्न आला. संचालक मंडळापुढे दोन कंपन्यांची सादरीकरणं झालेली असतात. एकीच्या अ‍ॅपमध्ये सगळं आहे: ठेवी, विमा, वीजबिल, फास्टॅग, सोनेतारण, रिचार्ज. दुसरीच्या अ‍ॅपमध्ये चार कामं आहेत: शिल्लक बघा, पासबुक बघा, पैसे पाठवा, तक्रार करा. पहिलं बघून मंडळी खूश होतात, दुसरं बघून ‘एवढंच?’ असं विचारतात. किमतीत फार फरक नसतो. मग घ्यायचं कुठलं?

बँकांच्या अ‍ॅपचे पडदे आखणं हा माझा रोजचा व्यवसाय आहे, आणि त्यातला बराचसा वेळ शाखेतल्या बाकावर ग्राहकांशेजारी बसून जातो. बोलायला सोपं जावं म्हणून मी पहिल्या प्रकाराला बाजारपेठ म्हणतो आणि दुसऱ्याला खिडकी. खिडकी म्हणजे रोखपालाची. तिच्यापुढे उभं राहणाऱ्याला आपलं काम काय ते आधीच ठाऊक असतं.

तालुक्याच्या गावी चालणाऱ्या बँकेला मी बहुतेक वेळा खिडकीच सुचवतो. साधं ते चांगलं, एवढ्यावर मात्र मी ते सांगत नाही. या दोन आराखड्यांमधला खरा फरक पैसे अडकतात तेव्हा कळतो, आणि सादरीकरणात पैसे कधीच अडकत नाहीत.

पहिला पडदा

सादरीकरणात सगळ्यात जास्त चर्चा याच पडद्याची होते, खरं तर ती सगळ्यात कमी व्हायला हवी. बाजारपेठेत वर सरकणारी जाहिरात, खाली वीसेक चौकोन. खिडकीत चार मोठी बटणं. शाखेत लोक कशासाठी येतात ते बघा. पासबुक छापून घ्यायला येतात, आणि छापून घेतात ते ‘पैसे आले का’ एवढं कळावं म्हणून. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये खात्यात येऊ लागले, तशी या एका प्रश्नासाठी रांगेत उभं राहणाऱ्या बायकांची संख्या डोळ्यांना दिसेल इतकी वाढली. त्यांच्या हातात फोन असतो. त्या फोनवर ‘पैसे आले का’ याचं उत्तर एका बोटाच्या अंतरावर असायला हवं. वीस चौकोनांत ते हरवतं.

शिल्लक मात्र अ‍ॅप उघडताच दिसू नये. अनेक घरांत एकच चांगला फोन असतो आणि तो मुलगा, सून, नातवंडं सगळ्यांच्या हातांतून फिरतो. सासूबाईंनी ठेव मोडलेले पैसे घरातल्या प्रत्येकाला दिसायचं काही कारण नाही. बाजारपेठेच्या आराखड्यांत शिल्लक बऱ्याचदा ठळक अक्षरांत वरच असते, कारण चित्रात ती छान दिसते. ‘शिल्लक दाखवा’ असं बटण मागा. दोन्ही कंपन्या ते सहज करून देतात.

आणखी एक. बाजारपेठेतला प्रत्येक चौकोन म्हणजे बँकेने दिलेला शब्द असतो. ‘विमा’ दाबल्यावर ‘लवकरच येत आहे’ असं उघडलं, की ग्राहकाला बाकीच्या चौकोनांबद्दलही शंका येते. ज्या बँकेच्या संगणक विभागात चार-पाच माणसं आहेत, तिने वीस शब्द देऊ नयेत.

पैसे पाठवताना

बाजारपेठेत ‘निधी हस्तांतरण’ दाबलं की पहिला प्रश्न येतो: आयएमपीएस, एनईएफटी की आरटीजीएस? एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवायचे हे तीन मार्ग, पण सामान्य खातेदाराला हे ठाऊक असायचं कारण नाही. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालते, पण अर्ध्या-अर्ध्या तासाच्या गटांनी, आरटीजीएस दोन लाखांपासून पुढे, आयएमपीएस लगेच. हा हिशेब अ‍ॅपला करता येतो. चांगली खिडकी आधी विचारते कुणाला, मग विचारते किती, आणि मार्ग स्वतः निवडून सांगते: ‘लगेच पोचतील’ किंवा ‘दोन तासांच्या आत पोचतील’. व्यापाऱ्यांना आणि त्यांच्या हिशेबनिसांना मार्ग स्वतः निवडायचा असतो, त्यांच्यासाठी खाली ‘मार्ग बदला’ एवढं पुरतं.

आयएफएससी कोडचं, म्हणजे बँकेची शाखा ओळखायच्या कोडचं घ्या. अकरा अक्षरं, त्यातलं पाचवं नेहमी शून्य. लोक तिथे इंग्रजी ‘ओ’ टाकतात, कारण चेकबुकावर दोन्ही सारखेच दिसतात. मग अ‍ॅप लाल अक्षरांत ‘अवैध कोड’ म्हणतं आणि माणूस पुन्हा पुन्हा तेच टाकत राहतो. पाचवं अक्षर शून्यच असणार हे ठरलेलं आहे, तर अ‍ॅपने ते गुपचूप दुरुस्त करावं. मी दोन्ही कंपन्यांना हे करून दाखवायला सांगतो. कोण तयारीचं आहे ते तिथेच कळतं.

खातं कुणाच्या नावाचं आहे हे पाठवण्याआधी दिसायला हवं. एनईएफटी आणि आरटीजीएससाठी रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पर्यंत ही सोय द्यायला सांगितली होती. त्यामुळे सोय आहे का, एवढंच विचारून भागत नाही. ती कुठे दिसते ते बघा. मी पाहिलेल्या एका बाजारपेठेत नाव बारीक करड्या अक्षरांत रकमेच्या खाली होतं, आणि ‘पुढे’ हे बटण भडक नारिंगी. डोळा बटणावरच जाणार. नाव सगळ्यात मोठं हवं.

आता रक्कम. एका शाखेत माझ्याशेजारी एक काकू मुलीच्या फीचे पैसे भरत होत्या. त्यांनी आकडा टाकला आणि मग पडद्यावर बोट ठेवून एकेक शून्य मोजायला लागल्या. एक, दोन, तीन. मध्येच बोटाचा धक्का लागून पडदा सरकला, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. पडद्यावर होतं १५०००, स्वल्पविराम नाही. आकड्याखाली ‘पंधरा हजार रुपये’ असं लिहिलेलं असतं तर त्यांना मोजावं लागलं नसतं. चेकवर आपण रक्कम अक्षरांत लिहीत आलो आहोत, ती सवय फोनवर आल्यावर का सोडायची? ही गोष्ट बाजारपेठेत असू शकते, खिडकीतही नसू शकते. म्हणून विचारून घ्या, आणि स्वल्पविराम लाख-कोटींच्या पद्धतीने पडतात ना तेही बघा: १,५०,००० असं, १५०,००० असं नव्हे.

पैसे अडकले की

माझ्या मते निवड इथे व्हावी.

माणूस पैसे पाठवतो. त्याच्या खात्यातून वजा होतात, समोरच्याला मिळत नाहीत. लहान सहकारी बँका आयएमपीएस आणि यूपीआयसाठी अनेकदा मोठ्या बँकेच्या आधाराने, उपसदस्य म्हणून जोडलेल्या असतात. साखळीत एक कडी जास्त, त्यामुळे नेमकी स्थिती कळायलाही उशीर होऊ शकतो. या वेळी पडद्यावर काय येतं?

तयार बाजारपेठांमध्ये मी जे बघत आलो आहे ते साधारण असं: ‘व्यवहार प्रलंबित’, शेजारी एक कोड, खाली ‘ठीक आहे’ हे बटण. त्या माणसासाठी काहीच ठीक नसतं. तो पुन्हा पैसे पाठवतो आणि दोनदा जातात. किंवा दर दोन मिनिटांनी शिल्लक बघत बसतो. यूपीआय अ‍ॅपमधून दिवसाला ५० वेळाच शिल्लक बघता येईल अशी मर्यादा ऑगस्ट २०२५ पासून लागू झाली ती यंत्रणेवरचा भार कमी करण्यासाठी, पण त्या भारात अशा घाबरलेल्या माणसांचा वाटा नक्की असणार. आणि याच वेळी काही जण इंटरनेटवर बँकेचा हेल्पलाइन क्रमांक शोधतात आणि भामट्याच्या हाती लागतात.

माझ्या वडिलांच्या बाबतीत हेच थोडक्यात टळलं. एका बँकेच्या अ‍ॅपवरून त्यांनी दवाखान्याचे पैसे पाठवले, ते अडकले, पडद्यावर फक्त इंग्रजीत एक ओळ आणि कोड. ते रात्रभर झोपले नाहीत. पैसे दुसऱ्या दिवशी दुपारी आपोआप परत आले. ते परत येणार हे नियमात लिहिलेलं होतं, अ‍ॅपवर मात्र कुठेच नव्हतं.

नियम तसा स्पष्ट आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार आयएमपीएसने किंवा यूपीआयने एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेले पैसे जमा होऊ शकले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने न मागता द्यायची. दुकानदाराला दिलेल्या यूपीआय पैशांसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे. मग पडद्यावर एवढं लिहायला काय हरकत आहे:

‘४,२०० रुपये तुमच्या खात्यातून वजा झाले आहेत. समोरच्या बँकेचं उत्तर अजून आलेलं नाही. पुन्हा पाठवू नका. जमा झाले नाहीत तर उद्यापर्यंत हे पैसे तुमच्या खात्यात परत येतील. आले नाहीत तर इथे दाबा.’

खिडकीवाल्या कंपनीला हे लिहून देणं सोपं जातं, कारण तिच्याकडे सांभाळायला पडदेच कमी आहेत. बाजारपेठेत वीजबिलाचा व्यवहार एका मध्यस्थाचा, फास्टॅगचा दुसऱ्याचा, विम्याचा तिसऱ्याचा. प्रत्येकाचे कोड वेगळे, परतीची मुदत वेगळी. या सगळ्यांसाठी खरं आणि स्पष्ट मराठी वाक्य लिहायला कुणीतरी बसावं लागतं. मोठी बँक त्यासाठी माणसं ठेवू शकते. तुमच्याकडे ती आहेत का, हे तुम्हीच प्रामाणिकपणे बघा.

त्याच पडद्यावर बँकेचा स्वतःचा क्रमांक हवा, आणि फसवणुकीची शंका असेल तर १९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी मदत क्रमांक. हे मेनूच्या तळाशी ‘मदत’मध्ये दडवून ठेवण्याजोगं नाही.

मराठी

दोन्ही कंपन्या सांगतील की अ‍ॅप मराठीत आहे. उघडून वाचा. ‘राशि’, ‘विवरण’, ‘सफल’ दिसलं तर ते हिंदीतून उतरवलेलं आहे. ‘लाभार्थी जोडा’ हे तर जवळजवळ सगळीकडे सापडतं. आपल्याकडे लाभार्थी म्हणजे घरकुल किंवा रेशनच्या यादीत नाव असलेला माणूस. एका आजोबांनी मला खरोखर विचारलं, कुठल्या योजनेसाठी? तिथे ‘नवीन व्यक्तीचं खातं जोडा’ पुरे. ‘नावे’, म्हणजे खात्यातून वजा, हा शब्द हिशेबात बरोबर आहे, पण ‘५,००० नावे’ वाचून तरुणांना वाटतं की कुणाच्या तरी नावावर पैसे जमा झाले. ‘गेले’ आणि ‘आले’ लिहा. पासबुकावर जमा-नावे राहू द्या, जुन्या खातेदारांना तेच कळतं.

बाजारपेठेला इथे आणखी एक अडचण आहे. लहान चौकोनाखाली इंग्रजी शब्द मावतो, मराठी मावत नाही; ‘मुदत ठे…’ असं तुटलेलं दिसतं, आणि ओळींत अंतर कमी असेल तर वेलांट्या-रफार कापले जातात. फोनमधली अक्षरं मोठी केली की चित्र आणखी बिघडतं, आणि ज्येष्ठ खातेदार ती मोठीच ठेवतात. एसएमएसचंही बघा: इंग्रजीत एका संदेशात १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. म्हणून मराठी एसएमएसमध्ये रक्कम आणि ‘आले’ किंवा ‘गेले’ हे पहिल्याच शब्दांत यायला हवं.

लॉगिन आणि नोंदणी

इथे दोघांत फारसा फरक नाही. बोटाचा ठसा हवा, पण त्याच्याच भरवशावर राहू नये. शेतात आणि बांधकामावर राबणाऱ्या हातांचे ठसे यंत्राला लागत नाहीत हे आपण रेशन दुकानात बघितलं आहे. नोंदणीच्या वेळी फोनमधून बँकेकडे एक एसएमएस जातो. दोन सिम असतील तर कुठल्या सिममधून, ते अ‍ॅपने नाव घेऊन सांगावं. आणि रिचार्ज संपल्यामुळे तो गेला नसेल, तर नुसतं ‘नोंदणी अयशस्वी’ म्हणू नये, रिचार्ज तपासायला सांगावं.

मग कुणी काय घ्यावं

तुमचे बरेच खातेदार पगारदार आहेत, जिल्ह्याच्या ठिकाणी राहतात, ठेव आणि कर्ज फोनवरूनच करायला बघतात, आणि बँकेकडे रोज अ‍ॅपकडे बघणारं पथक आहे, तर बाजारपेठ घ्या. ती वाईट नाही. स्टेट बँकेने २०१७ मध्ये ‘योनो’ हे अ‍ॅप आणलं ते याच कल्पनेवर, नावातच ‘एवढं एकच पुरे’ असा अर्थ आहे. पण त्याच बँकेने नुसत्या रोजच्या बँकिंगसाठी ‘योनो लाइट’ हे वेगळं हलकं अ‍ॅपही दिलं होतं. एवढ्या मोठ्या बँकेलाही खिडकी लागली.

बाकीच्यांनी खिडकी घ्यावी आणि करारात पुढची कामं एकेक करून जोडण्याची सोय ठेवावी. ज्यांची तयारी अजून तेवढीही नाही त्यांनी आधी नुसतं पासबुक अ‍ॅप आणावं; रिझर्व्ह बँकही फक्त बघण्याची सेवा आणि व्यवहाराची सेवा वेगळ्या धरते. ‘पैसे आले का’ याचं उत्तर त्यातूनही मिळतं आणि शाखेतली रांग कमी होते.

सही करण्याआधी दोन्ही कंपन्यांना शाखेत बोलवा, मंडळाच्या खोलीत नको. शाखेतल्या एखाद्या शिपायाचा किंवा ग्राहकाचा साधा, दोन-तीन वर्षं वापरलेला फोन घ्या. अक्षरं सगळ्यात मोठी करा, भाषा मराठी ठेवा. शंभर रुपये पाठवायला सांगा आणि पिन टाकल्या टाकल्या फोनचं इंटरनेट बंद करा. पडद्यावर जे येईल ते वहीत शब्दशः उतरवून घ्या, आणि दोन कंपन्यांची दोन पानं शेजारी ठेवून मंडळापुढे मोठ्याने वाचा.