रोटोमोल्ड कयाक: बरेच महिने वल्हवल्यानंतरचा अनुभव

सिट-ऑन-टॉप कयाक, म्हणजे आत न शिरता वरच बसून वल्हवायची अरुंद होडी, घ्यायचा विचार असेल, तर रंग, आसन आणि बाटली ठेवायचा खड्डा नंतर बघा. आधी सामान ठेवायच्या कप्प्याचं झाकण उघडा, आत टॉर्च मारा आणि भिंतीची आतली बाजू नीट न्याहाळा. ती गुळगुळीत हवी. हाताला खरखरीत भुकटी लागली तर भट्टीत माल कच्चा राहिला आहे. तपकिरी झाक आणि जळका वास आला तर तो जास्त भाजला गेला आहे, आणि असं प्लास्टिक पुढे ठिसूळ होतं. बाहेरून दोन्ही होड्या सारख्याच चकचकीत दिसतील.

माझी कयाक साडेतीन मीटर लांब, पाऊण मीटर रुंद, पॉलिथिलीनची, एकट्याने चालवायची. तलाव, खाडी आणि किनाऱ्यालगतचा शांत समुद्र असा तिचा वापर झाला आहे. तिच्या चांगल्या-वाईट गोष्टी सांगायला बसलं की जवळजवळ प्रत्येकीचं मूळ ती घडते त्या साच्यात सापडतं. म्हणून आधी साच्याबद्दल.

रोटोमोल्डिंगमध्ये, म्हणजे फिरत्या साच्यात प्लास्टिक घडवण्याच्या पद्धतीत, पॉलिथिलीनची भुकटी तोलून पोकळ अॅल्युमिनियमच्या साच्यात भरतात, साचा बंद करतात आणि सुमारे 300 अंश सेल्सियसच्या भट्टीत तो सावकाश फिरवत ठेवतात. कयाक लांब असल्याने साचा बऱ्याचदा लांबीभोवती गोल फिरतो आणि त्याच वेळी त्याची टोकं खालीवर झुलत असतात. आत दाब नसतो. भुकटी स्वतःच्या वजनाने खाली घसरत राहते आणि जिथे तापलेल्या धातूला लागते तिथे वितळून चिकटते. असे थर चढत पाच-सहा मिलिमीटरची भिंत तयार होते. मग साचा फिरता ठेवूनच थंड करतात. थंड होताना प्लास्टिक दोन-तीन टक्के आटतं, म्हणून साचा मुळातच तेवढा मोठा घडवलेला असतो. साडेतीन मीटरच्या होडीत हा फरक सात ते दहा सेंटीमीटर भरतो. साचा उघडल्यावर हातात येते ती अखंड होडी. तळ आणि वरचा भाग वेगवेगळे करून जोडलेले नाहीत, त्यामुळे उसवायला शिवणच नाही. कडेने दिसणारी बारीक रेघ ही साच्याची दोन पाळी मिळाल्याची खूण असते, सांधा नव्हे. माझ्या होडीवर कारागिराने ती रेघ पात्याने तासून काढलेली स्पष्ट दिसते, आणि ती एकसारखी तासलेली पाहून मला त्या हाताबद्दल मनापासून आदर वाटतो.

अखंडपणाची किंमत आर्क्टिकमधल्या मूळ कयाकशी तुलना केल्यावर कळते. इनुइट आणि अल्युत लोक वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा प्राण्यांच्या स्नायूतंतूंनी बांधत आणि त्यावर सीलचं किंवा सी-लायनचं कातडं ताणून शिवत. शिवण बायकांच्या हाताची असे. सुई कातड्याच्या आरपार जाऊ न देता अर्ध्या जाडीतूनच फिरवायची, म्हणजे पाणी शिरायला भोकच राहत नाही, ही त्यातली खुबी. ग्रीनलँडमध्ये मापं माणसाच्या अंगावरून घेत: लांबी साधारण तीन वाव (एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरचं अंतर), बसायच्या जागेची रुंदी कंबरेइतकी अधिक दोन मुठी. होडी त्या एकाच माणसाला बसे. माझी होडी कोणालाही चालावी म्हणून बनली आहे आणि ते जाणवतं. पाय टेकायला साच्यातच पायऱ्या घडवल्या आहेत, पण माझ्या पायांची लांबी दोन पायऱ्यांच्या मधोमध येते. तासाभराने गुडघे तक्रार करतात. सरकणारे पायटेके असलेलं मॉडेल मिळत असेल तर तेच घ्या.

अंगमापाच्या होडीपासून साच्यातल्या होडीपर्यंतचा रस्ता जर्मनीतून जातो. म्युनिकच्या आल्फ्रेड हॉयरिख यांनी 1905मध्ये बांबूच्या सांगाड्यावर कापड चढवलेली घडीची कयाक बनवली आणि रोझेनहाइमचे शिंपी योहान क्लेपर यांनी 1907मध्ये तिचे हक्क घेतले. बोट पिशवीत भरून रेल्वेने नदीपर्यंत नेता येऊ लागली आणि शिकारीचं साधन सुट्टीतला खेळ झालं. त्याच घराण्यातल्या घडीच्या कयाकमधून जर्मन डॉक्टर हान्नेस लिंडेमान यांनी 1956मध्ये एकट्याने 72 दिवसांत अटलांटिक पार केला. पुढे फायबरग्लास आलं आणि 1970च्या दशकात रोटोमोल्डिंग. फायबरग्लासची होडी हलकी आणि पाण्यात देखणी, पण खडकावर आपटली की तडकते. पॉलिथिलीन दबतं आणि परत उठतं. त्याच दशकात कॅलिफोर्नियातल्या मालिबूला टिम नीमायर यांनी सर्फबोर्डच्या कल्पनेतून वरच बसायची कयाक घडवली. तीही आधी फायबरग्लासची होती, नंतर प्लास्टिकची झाली. नवख्या माणसासाठी हा बदल फार मोठा आहे. उलटलात तर आत अडकत नाही, फक्त पाण्यात पडता. होडी सरळ करायची, मधोमध पोटावर आडवं चढायचं, वळून बसायचं. हे कमरेएवढ्या पाण्यात आधी घोटून घ्या, खोल पाण्यात तेव्हाच जा.

पाण्यावरचं वागणं थोडक्यात: पाऊण मीटर रुंदीमुळे ती स्थिर आहे, आणि त्याच रुंदीमुळे मंद. पाण्यातली लांबी 3.2 मीटर धरली तर गणिताने तिचा कमाल वेग ताशी आठ किलोमीटरच्या आसपास येतो, पण तिथपर्यंत कोणी रेटत नाही. आरामात वल्हवल्यास पाचच्या आसपास राहते. आडवा वारा आला की पुढचं टोक वाऱ्याकडे वळू लागतं आणि एका बाजूला जास्त वल्हवत बसावं लागतं. लांब पल्ला हाच छंद असेल तर ही होडी तुमची नव्हे.

आता ऊन. पॉलिथिलीन तापल्यावर लोखंडाच्या दसपट फुगतं. सकाळचा गारवा आणि दुपारचं ऊन यांत तीस अंशांचा फरक पडला, तर या लांबीची होडी एक-दीड सेंटीमीटर वाढते. गाडीच्या टपावर सकाळी आवळलेला पट्टा म्हणूनच दुपारी वेगळा भासतो, आणि तापलेली होडी पट्ट्याने करकचून बांधली की तळाला खळगा पडतो. माझ्या होडीला असा खळगा पडला होता. सावलीत उलटी ठेवून, मग उन्हात थोडी तापवून तो बऱ्याच अंशी भरून आला. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. बंद होडी उन्हात तापली की आतली हवा फुगते, आणि थंड पाण्यात उतरवताच ती आकसून झाकणाच्या कडेने पाणी आत ओढते. किनाऱ्यावर ठेवताना मागचं बूच उघडं ठेवा, पाण्यात उतरवण्याआधी लावा. आत रोज पेलाभर पाणी सापडायचं ते या एका सवयीने जवळपास थांबलं.

बसायच्या जागेतलं पाणी खाली जाण्यासाठी जी भोकं असतात, त्यांच्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. साच्यात वरून आणि खालून आलेले दोन खुंट जिथे भेटतात तिथे ही नळी तयार होते, आणि अशा अरुंद जागी भुकटी कमी पोचते. म्हणजे संपूर्ण होडीतली सगळ्यात पातळ भिंत तिथेच. त्याच भोकांत दांडे घालून होडी उचलणाऱ्या दोन चाकांच्या ट्रॉल्या सर्रास विकल्या जातात. खडबडीत वाटेवर सगळं वजन त्या पातळ नळ्यांवर येतं आणि तिथे चीर जाते. तळाला खालून पट्ट्यांवर झेलणारी ट्रॉली घ्या.

चीर गेली तर एपॉक्सी, फेव्हिक्विक वगैरे विसरा. पॉलिथिलीनच्या मेणचट पृष्ठभागावर गोंद धरत नाही. त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी वितळवून वेल्डिंग करावं लागतं आणि ते नीट जमतं. मात्र काही होड्या क्रॉस-लिंक्ड पॉलिथिलीनच्या असतात. त्यांच्या रेणूसाखळ्या भट्टीत एकमेकींना बांधल्या जातात. मार सोसण्यात त्या सरस, पण पुन्हा वितळत नाहीत, म्हणून वेल्डिंगही नाही आणि पुनर्वापरही अवघड. विकणाऱ्याला हा प्रश्न थेट विचारा. उत्तर देता येत नसेल तर दुसरीकडे बघा.

माझ्या होडीतली खरी नाराजी आतल्या फोमच्या ठोकळ्याबद्दल आहे. पॉलिथिलीनची घनता पाण्यापेक्षा किंचितच कमी असते, साधारण 0.94. म्हणजे आत पाणी भरलं तर प्लास्टिक स्वतः तरंगेल, तुम्हाला तोलणार नाही. ते काम फोमचं. शिवाय पुढच्या भागात वरची बाजू खचू नये म्हणून तोच खांबासारखा उभा असतो. बनवणाऱ्याने तो नुसता दाबून बसवला होता. काही आठवड्यांत सरकून आडवा झाला. पट्ट्यांनी जखडून मी तो पक्का केला, पण एवढं काम कारखान्यातच व्हायला हवं होतं.

सोबत आलेलं वल्हं अॅल्युमिनियमच्या दांड्याचं, किलोभराहून जड. ते राखीव म्हणून ठेवा आणि फायबरग्लासच्या दांड्याचं घ्या. हातात हजारो वेळा उचलायची वस्तू तीच असल्याने खर्च तिथे केलेला सार्थकी लागतो. लाइफ जॅकेट मात्र सोबत आलंय म्हणून वापरू नका. आतल्या पट्टीवर न्यूटनमध्ये तरंगक्षमता छापलेली असते. 50 न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठी आणि मदत जवळ असलेल्या पाण्यासाठी; बेशुद्ध माणसाचं तोंड वर ठेवायची हमी ते देत नाही. पोहता येत नसेल तर 100 न्यूटनचं, गळपट्टी असलेलं जॅकेट घ्या, वल्हवताना ते थोडं आड आलं तरी.

पुढच्या हंगामात याच होडीला सरकते पायटेके बसवायचे आहेत. त्यासाठी कडेला भोकं पाडावी लागतील, आणि ती पाडण्याआधी आतून टॉर्च मारून भिंत कुठे जाड आहे ते पाहून खुणा करून ठेवल्या आहेत.