जुन्या स्टिरिओला वाय-फायचा डबा: आठेक महिन्यांच्या वापरानंतर

आधी घरात काय आहे ते सांगतो, म्हणजे तुमच्या सेटशी ताडून बघता येईल. दोन चॅनेलचा जुना इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर. पाठीमागे फोनो, ट्यूनर, ऑक्स आणि टेपच्या जागा, चालू-बंद करायला खटका, रिमोट नाही. सोबत दोन बुकशेल्फ स्पीकर, एक सीडी प्लेअर, एक टर्नटेबल. आवाजाबद्दल तक्रार कधीच नव्हती. अडचण एवढीच, की घरात ऐकली जाणारी बहुतेक गाणी आता फोनवर असतात, आणि इतके चांगले स्पीकर समोर असताना ती फोनच्याच चिमुकल्या स्पीकरवर वाजत असायची.

सल्ला बहुतेकांनी एकच दिला: हे धूड काढ आणि एखादा वायरलेस स्पीकर आण. तो मानला नाही, आणि आजही तो कुणाला देणार नाही. सिग्नल सीडीतून आला की इंटरनेटवरून, याच्याशी ॲम्पला काही देणंघेणं नसतं. लाइन इनपुटवर एक-दोन व्होल्ट मिळाले की त्याचं काम सुरू. त्यामुळे इथे बदलायचं काहीच नाही, फक्त एक छोटा डबा जोडायचा आहे, फोनवरचं किंवा इंटरनेटवरचं गाणं बिनवायरीने घेऊन ॲम्पला देणारा. आणि जे जोडाल ते कमी खर्चाचं, उद्या काढून टाकताना जीव हळहळणार नाही असं असावं. याकडे पुढे परत येतो.

जोडणी पाच मिनिटांची. नेहमीची लाल-पांढऱ्या पिनांची आरसीए वायर. डब्याला हेडफोनसारखं भोक असेल तर एका टोकाला 3.5 मिमीची पिन असलेली. ऑक्स अडलेला असेल तर टेपच्या 'प्ले' किंवा 'इन' लिहिलेल्या जागेत लावा, तेही लाइन इनपुटच आहे. फक्त वाजवताना पुढचं टेप मॉनिटरचं बटण दाबावं लागतं, आणि ते दाबलेलंच राहिलं की सीडी मुकी होते. आमच्याकडे 'सीडी बिघडली' ही हाक अजूनही अधूनमधून येते. फोनोच्या जागेत मात्र डबा लावू नका. तिथे टर्नटेबलच्या सुईकडून येणारे जेमतेम पाचेक मिलिव्होल्ट अपेक्षित असतात. शिवाय आतलं आरआयएए सर्किट खालचे सूर उचलून वरचे दाबतं, कारण रेकॉर्ड कापतानाच उलटा प्रकार केलेला असतो. डब्याचे एक-दोन व्होल्ट तिथे शिरले तर फाटका, बोदा आवाज येईल. फारच जुन्या ॲम्पना आरसीएऐवजी पाच पिनांचं गोल डिन सॉकेट असतं, त्यासाठी डिन-आरसीए वायर मिळते.

पहिले काही आठवडे साधा ब्लूटूथ रिसीव्हर लावला होता. मुद्दामच. कल्पना घरात रुळते का, ते आधी बघायचं होतं. आवाज वाईट अजिबात नव्हता. ब्लूटूथला नावं ठेवणाऱ्यांनी एसबीसी हा त्यातला सगळ्यात साधा कोडेक (गाणं आवळून पाठवायची पद्धत) चांगल्या सेटिंगवर एकदा नीट ऐकावा. सुमारे 328 केबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला 328 हजार बिटवर, तो बरंच काही सांभाळून नेतो. सीडीचा आकडा 1411 आहे, एलडॅक हा दुसरा कोडेक जास्तीत जास्त 990 पर्यंत जातो, पण नुसत्या आकड्यांवरून आवाज कळत नाही. खरेदीपूर्वी एक गोष्ट बघून घ्या. कोडेक दोन्ही टोकांना लागतो. आयफोन एसबीसी आणि एएसी एवढेच बोलतो, त्यामुळे खोक्यावर एलडॅक आणि ॲप्टएक्सची चिन्हं आहेत म्हणून आयफोनवाल्याने जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

ब्लूटूथ डोक्यात गेलं ते वेगळ्याच कारणाने. गाणं फोनमधून निघून डब्यात जातं, म्हणजे फोन हा त्या साखळीचा कायमचा एक दुवा होतो. फोन खिशात घालून आतल्या खोलीत गेलं की गाणं अडखळतं. कुणी फोन केला की त्याची रिंग थेट हॉलच्या स्पीकरवर, तीही ॲम्पचा नॉब जिथे असेल त्या आवाजात. रात्री शांतपणे सतार ऐकत असताना ती रिंग ज्याने ऐकली आहे, त्याला फार सांगावं लागणार नाही. त्यातून एकाचा फोन जोडलेला असला की दुसऱ्याचा जोडत नाही, मग 'कुणाचं ब्लूटूथ चालू आहे?' म्हणून घरभर पुकारा. महिनाभरात सगळे कंटाळले.

मग वाय-फायचा स्ट्रीमर आणला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे त्याच्या ॲपबद्दल थोडं कडू बोलायचं आहे. तळहातावर मावेल एवढा डबा. क्रोमकास्टच्या पद्धतीचं कास्टिंग, एअरप्ले आणि स्पॉटिफाय कनेक्ट हे तिन्ही चालतात. वरवर हे तिन्ही सारखेच वाटतात, पण आत फरक आहे. कास्ट आणि स्पॉटिफाय कनेक्टमध्ये फोन फक्त निरोप देतो, 'हे गाणं लाव'. पुढे डबा स्वतः इंटरनेटवरून गाणं ओढतो. फोन बंद केला, घेऊन बाहेर गेलात, तरी वाजणं सुरूच. एअरप्लेमध्ये गाणं फोनमधूनच जातं, पण वाय-फायवरून, त्यामुळे घरभर पोचतं आणि रिंग स्पीकरवर येत नाही. रोजच्या वापरात सगळ्यात जास्त सुख दिलं ते याच गोष्टीने. आता फोन हा नुसता रिमोट झाला, आणि तो कुणाचाही चालतो.

आवाज कमी-जास्त करण्याचा प्रश्न मात्र पहिल्याच दिवशी उभा राहतो, कारण आता दोन नॉब झाले: एक ॲम्पवर, एक फोनमध्ये. जुन्या वळणाचे लोक सांगतात, डबा पूर्ण आवाजावर ठेवा आणि सगळं ॲम्पवरून करा. तत्त्व म्हणून बरोबर आहे. डिजिटल आवाज दर 6 डेसिबलनी खाली आणला की साधारण एक बिट जातो. पण डब्यातला डॅक (डिजिटल आकड्यांचा ॲम्पला कळेल असा सिग्नल करणारा भाग) 24 बिटचा आणि गाणं 16 बिटचं असेल, तर कागदावर 48 डेसिबलपर्यंत खाली आणायला जागा असते, आणि इतकं खाली आणून कुणी ऐकत नाही. मी मधला मार्ग काढला. ॲम्पचा नॉब साधारण अकराच्या काट्यावर ठेवून तिथे पेन्सिलीची बारीक खूण केली. फोनवर पूर्ण आवाज केला तर तो मोठा होतो, पण कुणी दचकत नाही. बाकी सगळं फोनवरून.

आता घुरघुर. डब्याला वीज टीव्हीच्या यूएसबीतून द्यावी, एक चार्जर वाचेल, असा बेत होता. जोडल्याबरोबर स्पीकरमधून बारीक, सलग 'उंऽऽ' येऊ लागलं. पडद्यावर काही चालू असताना ते कळतही नाही. पण तानपुऱ्याने सुरू होणारं गाणं लावलं की खर्जाच्या तारेखाली आणखी एक सूर सतत रेंगाळतो, आणि तो षड्जाशी जुळत नाही. एकदा कानाला लागला की मग दुसरं काही ऐकू येत नाही. याला ग्राउंड लूप म्हणतात. टीव्हीला केबलच्या वायरीतून अर्थिंगची एक वाट मिळते, ॲम्पकडून दुसरी, आणि दोन्ही डब्यामुळे जोडल्या गेल्या की त्या वळशातून विजेच्या लाइनचे 50 किंवा 60 हर्ट्झ आणि त्यांच्या पटीतले सूर सिग्नलमध्ये उतरतात. डब्याला स्वतःचा दोन पिनांचा चार्जर दिला आणि घुरघुर गेली. एवढ्याने जात नसेल तर डब्यातून ऑप्टिकल वायर काढून वेगळ्या डॅकला द्यायची. टॉसलिंक नावाची ही वायर तोशिबाने 1983 मध्ये आणली. तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही, त्यामुळे लूप पूर्णच होत नाही.

सीडी आणि स्ट्रीम यांत काय चांगलं, हे मला हमखास विचारलं जातं. नुसतं बटण फिरवून तुलना करू नका. सीडी प्लेअर बहुधा 2 व्होल्ट देतो. माझा डबा साधारण त्याच्या निम्मे देतो, म्हणजे 6 डेसिबल हळू. जे मोठं वाजतं ते कानाला चांगलंच वाटतं, त्यामुळे सीडी दर वेळी जिंकणार. मी 60 हर्ट्झचा एकच टोन दोन्हींवरून वाजवला, स्पीकरच्या टर्मिनलवर साधा मल्टिमीटर एसीवर लावला आणि दोन्ही आकडे सारखे येतील असे नॉब लावले. (60 एवढ्यासाठी, की स्वस्त मीटर त्याच आसपास नीट मोजतात. टोन हळूच वाजवा.) मग मुलीला मला न सांगता बटण फिरवायला लावलं. लॉसलेस स्ट्रीम (गाण्यातलं काहीही न गाळता येणारा) आणि तीच सीडी यांत फरक ओळखता आला नाही. 320 केबीपीएसच्या स्ट्रीमला एखाद्या टाळीच्या किंवा झांजेच्या जागी शंका यायची, पण पैज लावण्याइतकी खात्री कधीच नव्हती. ॲपमधलं आवाज सारखा करण्याचं सेटिंग, म्हणजे नॉर्मलायझेशन, आधी बंद केलं होतं. नाहीतर तुलनेला अर्थ उरत नाही.

खटकणाऱ्या गोष्टींत पहिली म्हणजे दोन ट्रॅकमधली फट. चित्रपटातली सुटी गाणी ऐकणाऱ्याला ती जाणवणारही नाही. पण विलंबित संपून द्रुत सुरू होताना तबला पुढे चाललेला असतो आणि रेकॉर्डिंग मात्र दोन ट्रॅकमध्ये कापलेलं असतं. कास्टवरून वाजवलं की तिथे अर्ध्या सेकंदाची शांतता पडते, जणू साथीदार उठून गेले. त्याच डब्यावर स्पॉटिफाय कनेक्टवरून हेच सलग येतं. म्हणजे दोष डब्याचा कमी, मार्गाचा जास्त. घेण्यापूर्वी तुमच्या वापरातल्या ॲपसकट हे एकदा तपासाच.

दुसरी गोष्ट नेटवर्कची. वेग हा मुद्दाच नाही. लॉसलेस गाण्यालाही दीड एमबीपीएसच्या आतबाहेरच लागतं. त्रास होतो तो डबा सापडण्याचा. फोन आणि डबा एकाच नेटवर्कवर हवेत. पाहुण्यांसाठी वेगळं केलेलं गेस्ट नेटवर्क बहुधा एकमेकांना दिसू देत नाही, आणि मग पाहुणा 'तुमचा डबा दिसत नाही' म्हणतो. वीज जाऊन आली की राउटर डब्याला नवा पत्ता द्यायचा आणि कंपनीचं ॲप जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत बसायचं. राउटरमध्ये डब्याचा आयपी पत्ता राखीव करून ठेवला तेव्हा हे थांबलं. ॲप मात्र तसंच आहे. एका अपडेटनंतर इक्वलायझरच गायब झाला, मदतीला लिहिलं तर 'रीसेट करून बघा' एवढंच उत्तर. आता ते ॲप मी उघडतच नाही, थेट संगीताच्या ॲपमधून पाठवतो. आणखी एक: डबा ॲम्पच्या धातूच्या पेटीमागे लपवू नका. फूटभर बाजूला आणला तेव्हापासून तुटणं बंद झालं.

तो हळहळीचा मुद्दा आता. ॲम्प पंचवीस-तीस वर्षं चालतो, कारण त्याला कुणाच्या सर्व्हरची परवानगी लागत नाही. स्ट्रीमरचं तसं नाही. गुगलचा क्रोमकास्ट ऑडिओ 2015 मध्ये आला. छोटी चकती, एकाच भोकातून ॲनालॉग आणि ऑप्टिकल दोन्ही. 2019 मध्ये त्याचं उत्पादन थांबवल्याचं जाहीर झालं. चालू असलेले चालत राहिले, पण मार्च 2025 मध्ये त्यातल्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरातल्या चकत्या एकदम रुसल्या. काही दिवसांनी अपडेट येऊन प्रश्न सुटला, पण मालकाच्या हातात वाट बघण्यापलीकडे काही नव्हतं. उलट उदाहरणंही आहेत. ॲपलने एअरपोर्ट एक्सप्रेस हा स्टिरिओला जोडता येणारा छोटा राउटर 2018 मध्ये बंद केला आणि त्याच वर्षी त्याच्या 2012 च्या मॉडेलला एअरप्ले 2 देऊनही टाकलं. लॉजिटेकने स्क्वीझबॉक्स हा आपला स्ट्रीमर 2012 मध्ये गुंडाळला, पण त्याचा सर्व्हर मुक्त सॉफ्टवेअर असल्याने लोकांनी तो आजवर जिवंत ठेवला. कोणाच्या वाट्याला काय येईल ते विकत घेताना कळत नाही. म्हणून स्ट्रीमिंग पोटात असलेला महागडा नवा ॲम्प मी घेणार नाही. सॉफ्टवेअर म्हातारं झालं की धडधाकट ॲम्पही त्याच्यासोबत अडगळीत जातो. वेगळा डबा मेला तर दोन पिना काढायच्या, दुसऱ्याच्या लावायच्या. हात चालत असेल तर रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक आणि त्यावरचा डॅकचा बोर्ड घेऊन त्यात मूड किंवा व्हॉल्युमिओ हे गाणी वाजवणारं सॉफ्टवेअर टाका. तिथे तुमच्या डब्याचं आयुष्य एका कंपनीच्या मर्जीवर राहत नाही, पण घरच्यांसाठी दुरुस्तीवाले तुम्हीच होता.

ॲम्प चालू-बंद करायला अजूनही उठावं लागतं. बऱ्याच नव्या ॲम्पना 12 व्होल्टचा ट्रिगर, म्हणजे दुसऱ्या उपकरणाच्या इशाऱ्यावर चालू-बंद होण्याची सोय, असतो; माझ्याला नाही. खटक्याचं बटण असल्यामुळे स्मार्ट प्लग चालला असता, पण तो लावलेला नाही. रात्रभर चालू राहिलेला ॲम्प गाणं नसतानाही वीस-तीस वॅट सहज खातो, आणि झोपायच्या आधी तो खटका स्वतः दाबलेला मला बरा वाटतो.

टर्नटेबलचा आवाज दुसऱ्या खोलीत वायरलेस पाठवता येतो का, असं एकाने विचारलं होतं. या डब्याने नाही, हा फक्त घेणारा आहे. त्यासाठी लाइन-इन असलेला स्ट्रीमर हवा. तो ॲम्पच्या टेप 'रेक' आउटपुटवर लावायचा, म्हणजे फोनोचं सर्किट पार करून आलेला सिग्नल मिळतो. आवाज थोडा उशिरा पोचेल, पण दुसऱ्या खोलीत बसलेल्याला ते कळणार नाही.