इंडियन आयडॉल : गाणं सोडून बाकी सगळं

'इंडियन आयडॉल' मी 2004 च्या पहिल्या पर्वापासून पाहत आले आहे. डोंबिवलीत मी सुगम संगीताचा क्लास घेते, त्यामुळे ठरवलं तरी हा कार्यक्रम मला टाळता येत नाही. शनिवार-रविवारी रात्री टीव्हीवर जे दिसतं, ते सोमवारी संध्याकाळी माझ्या सतरंजीवर येऊन बसतं. मुलींना कोणतं गाणं हवं असतं, तान कुठे घ्यावीशी वाटते, डोळे कधी मिटावेसे वाटतात, सगळं तिथून आलेलं असतं. म्हणून हे परीक्षण जरा चिडून लिहिते आहे.

माझी तक्रार साधी आहे. गाण्याच्या या स्पर्धेत गाणं ऐकू देत नाहीत.

कोणत्याही भागातलं एक सादरीकरण घ्या. स्पर्धक मुखडा उचलतो. दुसऱ्या ओळीला कॅमेरा परीक्षकांच्या चेहऱ्यावर. तिसऱ्या ओळीला प्रेक्षकांत बसलेल्या आईच्या डोळ्यांवर. मग एक अंतरा, त्यातही जिथे सूर वर चढतो तिथे टाळ्या, शिट्ट्या आणि परीक्षकांचं उभं राहणं, म्हणजे नेमकी ती जागा आवाजाखाली गाडली जाते. दुसरा अंतरा बहुतेक वेळा गायबच. जुन्या गाण्यांत संगीतकाराने शब्दांप्रमाणे चालीत केलेला बारीक फरक पुष्कळदा दुसऱ्या अंतऱ्यातच असतो, आणि तोवर गायकाचा दम टिकतो का हेही तिथेच कळतं. गाणं संपलं की मग निवांत वेळ मिळतो. परीक्षक बोलतात, पाहुणे बोलतात, सूत्रसंचालक विनोद करतो, कुणीतरी मंचावर जाऊन मिठी मारतो. गाण्यापेक्षा गाण्यानंतरचं बोलणं लांबतं.

त्या बोलण्यात तरी काही असावं! "तुम्ही या मंचाला आग लावली", "अंगावर काटा आला", "असा आवाज शतकातून एकदा येतो." शतकातून एकदा येणारा आवाज एकाच भागात चौघांना लाभतो. दुसऱ्या ओळीत श्वास चुकीच्या जागी तुटला, कोमल धैवत (उतरलेला 'ध') जरा चढा लागला, लय मध्ये पुढे सरकली, हे कुणी सांगत नाही. हे कळत नसेल असं मी मुळीच म्हणत नाही. परीक्षकांच्या खुर्चीवर बसलेल्या लोकांनी आयुष्य स्टुडिओत घालवलेलं असतं.

मग ते बोलत का नाहीत? याचं उत्तर 2021 च्या मे महिन्यात मिळालं. बाराव्या पर्वात किशोरकुमार विशेष भाग झाला, किशोरदांचे चिरंजीव, गायक अमितकुमार पाहुणे होते. नंतर त्यांनीच मुलाखतीत सांगितलं की सगळ्यांचं कौतुक करा असं त्यांना सांगण्यात आलं होतं आणि तो भाग त्यांना स्वतःला आवडला नव्हता. त्यापाठोपाठ गायिका सुनिधी चौहानही म्हणाली की परीक्षक असताना तिच्याकडूनही कौतुकाचीच अपेक्षा होती आणि तिने ती खुर्ची सोडण्याचं ते कारण होतं. मला त्या वेळी राग आला तो स्पर्धकांसाठी. विशीतली ही मुलं देशातल्या मोठ्या संगीतकारांसमोर महिनोन्महिने गातात, आणि त्या काळात त्यांना एकही खरी दुरुस्ती मिळत नाही. एवढी जवळ आलेली शिकवणी वाया जाते.

हे असंच असावं लागतं असं नाही, कारण आपण वेगळं पाहिलेलं आहे. 1995 मध्ये झी टीव्हीवर 'सा रे ग म' सुरू झालं. सोनू निगम सूत्रसंचालक होता आणि परीक्षकांच्या खुर्चीवर फिल्मसंगीतातली आणि शास्त्रीय संगीतातली बुजुर्ग मंडळी येऊन बसत. ती कमी बोलत, पण बोलली की गाण्याबद्दलच बोलत. आणि मराठीत 2008-09 चं लहान मुलांचं 'लिटिल चॅम्प्स' तर घरोघरी पाहिलं गेलं. त्यातले पाच जण अजून सगळ्यांना आठवतात : आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, रत्नागिरीकडचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन, लातूरचा रोहित राऊत. परीक्षक अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत गुण स्वरांतच देत. 'ध' मिळाला की घरात हळहळ, 'नि' मिळाला की समाधान आणि 'वरचा सा' मिळाला की शेजारून टाळ्या. कौतुक तिथेही भरपूर होतं. पण 'ध' आणि 'नि' यांत फरक होता, आणि तो का पडला हे बहुधा सांगितलं जायचं.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वादक दिसायचे. कमलेश भडकमकरांचं संगीत संयोजन, अमर ओकांची बासरी, सत्यजित प्रभूंचा की-बोर्ड, नीलेश परबांची ढोलकी, अर्चिस लेलेंचा तबला. माझ्या क्लासमधल्या मुलांना ही नावं पाठ होती. एखाद्या लहान मुलाने सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, नेमकी गाठली की तबलजीच्या चेहऱ्यावर जे हसू यायचं, ते कॅमेरा टिपायचा, आणि त्या एका हसण्यातून घरी बसलेल्या पोरांना सम म्हणजे काय ते कळायचं. 'इंडियन आयडॉल'चे वादकही उत्तम आहेत, कान देऊन ऐकलं तर अवाक व्हायला होतं. पण त्यातल्या किती जणांची नावं प्रेक्षकाला सांगता येतील? 'लिटिल चॅम्प्स' निर्दोष होतं असं नाही. एवढ्याशा मुलांना एलिमिनेशनच्या वेळी कॅमेऱ्यासमोर रडताना दाखवणं मला तेव्हाही पटलं नव्हतं.

'लिटिल चॅम्प्स'च्या त्या पाचांतला रोहित राऊत मोठा होऊन 'इंडियन आयडॉल'च्या अकराव्या पर्वात उतरला आणि उपविजेता ठरला. लहानपणीचा तो तयार गळा आवाज फुटल्यावर कसा बदलला, त्याने तो परत कसा बसवला, हे कुठल्याही गाणं शिकणाऱ्यासाठी सोन्यासारखं होतं. त्याऐवजी 2020 च्या सुरुवातीला त्या मंचावर कसली चर्चा चालली होती? परीक्षक नेहा कक्कर आणि सूत्रसंचालक आदित्य नारायण यांच्या लग्नाची! व्हॅलेंटाइन डेचा मुहूर्त, दोन्हीकडचे आईवडील मंचावर, हळदीपर्यंत गोष्टी गेल्या. लग्न झालंच नाही, होणारच नव्हतं. त्याच वर्षी दोघांनी आपापली वेगळी लग्नं केली. आठवड्यामागून आठवडे या लुटुपुटूच्या प्रकरणात गेले, आणि ती मिनिटं स्पर्धकांच्या वाट्यातून कापली गेली.

त्या पर्वाचा विजेता होता भटिंड्याचा सनी हिंदुस्थानी. बूटपॉलिश करून पोट भरणारा, नुसरत फतेह अली खानांचं गाणं ऐकून ऐकून गळा घडवलेला मुलगा. त्याचा विजय मला मनापासून आवडला. गुरू नसताना एवढ्या वरच्या पट्टीत आवाज न फाटता कसा टिकवला, हे त्याला कुणीतरी नीट विचारावं म्हणून मी वाट पाहत बसायचे. कार्यक्रम मात्र पुन्हा पुन्हा पॉलिशच्या पेटीकडे वळायचा. गरिबी खरी होती, कष्ट खरे होते. पण तो गवई म्हणून तिथे आला होता, आणि त्याची ओळख त्याच्या गाण्यावरून व्हायला हवी होती.

याचा परिणाम काय होतो ते माझ्यासमोर घडलं. क्लासमधली एक मुलगी एका ऑडिशनची तयारी करत होती. गाणं बसलं, पट्टी ठरली, आणि मग तिने वही काढून विचारलं, "बाई, माझी स्टोरी काय सांगायची? आमच्याकडे तसं दुःखाचं काही नाहीये." तिची आईही गंभीरपणे विचार करत होती. मी त्या मुलीला मंद्र (खालच्या) सप्तकातली ओळ पुन्हा गायला लावली, कारण तिचा खालचा पंचम फार गोड आहे. पण ती ओळ ऑडिशनला चालणार नाही हे तिला माझ्याआधी ठाऊक होतं. नव्वद सेकंदांत वरचा सूर दाखवावा लागतो.

प्रेक्षकांच्या मतदानाबद्दल फार लिहीत नाही. 2007 मध्ये प्रशांत तमांगसाठी दार्जिलिंगचे डोंगर एकवटले, त्याआधी पहिल्या पर्वात अभिजीत सावंतसाठी आपण मराठी लोक एकवटलो होतो. लोकांचं प्रेम मला समजतं. फक्त परीक्षकांचं मत गुणांच्या रूपात शेजारी दाखवा, म्हणजे प्रेम किती आणि गाणं किती हे प्रत्येकाला दिसेल.

बाराव्या पर्वाची महाअंतिम फेरी 15 ऑगस्ट 2021 ला दुपारी 12 पासून रात्री 12 पर्यंत चालली. पवनदीप राजन जिंकला, अरुणिता कांजीलाल दुसरी आणि आपली सायली कांबळे तिसरी. पवनदीप गातो, तबला वाजवतो, पियानो वाजवतो. बारा तास हाताशी असताना या एका मुलाबरोबर अर्धा तास नुसतं संगीत करता आलं असतं. मी भाकरी थापता थापता, कपडे वाळत घालता घालता तो दिवस काढला आणि रात्री मला सलग आठवेल असं एक गाणं उरलं नव्हतं.

माझ्याकडून पाचपैकी दोन तारे, गाणाऱ्यांसाठी आणि वाजवणाऱ्यांसाठी. पाहायचाच असेल तर पूर्ण भाग पाहू नका, वाहिनी यूट्यूबवर गाण्यांचे तुकडे वेगळे टाकते ते हेडफोन लावून ऐका. घरात शिकणारं मूल असेल तर आधी 2008-09 चे 'लिटिल चॅम्प्स'चे तुकडे शोधून द्या. आणि निर्मात्यांकडे एकच मागणं : प्रत्येक भागात किमान एक गाणं दोन्ही अंतऱ्यांसह, मध्ये एकही चेहरा न दाखवता, गीतकार, संगीतकार आणि साथीदारांची नावं पडद्यावर देऊन ऐकवा. साडेचार-पाच मिनिटं लागतील. पुढच्या पर्वात एवढं केलंत तर तिसरा तारा मी स्वतःहून देईन.