कागदावर माझी उंची सहा सेंटीमीटरने कमी झाली

साताऱ्यात एका मंगल कार्यालयात वजन कमी करायच्या शस्त्रक्रियेचं मोफत शिबिर होतं. माझी उंची १५८ सेंटीमीटर, वजन ८४ किलो, म्हणजे बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) साडेतेहतीसच्या जरा वर. गुडघे कुरकुरत होते, बीपीची गोळी सुरू झाली होती. पुण्याच्या हॉस्पिटलची कोऑर्डिनेटर म्हणाली, "ताई, दुर्बिणीतून होतं, तिसऱ्या दिवशी घरी. नाही मानवलं तर पोट परत पहिल्यासारखं करता येतं. आणि सगळं कॅशलेस."

पोट परत पहिल्यासारखं होत नाही. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा पाऊण भाग किंवा त्याहून थोडा जास्तच कापून बाहेर काढतात, उरते ती केळ्याएवढी नळी. परत काढता येतो तो जठरात ठेवायचा फुगा, तो वेगळा प्रकार. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी विचारलंही नाही, कारण मला होच ऐकायचं होतं.

अॅडमिशनच्या सकाळी सात-आठ फॉर्मवर सह्या घेतल्या. त्यातले दोन कोरे होते. "आम्ही भरतो, ताई." कोऱ्या प्रगतिपुस्तकावर पालकाची सही दिसली तर वर्गात ओरडणारी मी, मुकाट्याने सह्या करत गेले.

डिस्चार्जच्या दिवशी विम्याची मंजुरी अडकली. "भरून टाका, क्लेम मिळेलच." साडेतीन लाख. निम्मे शिक्षक पतसंस्थेचं कर्ज.

पाचव्या दिवशी घरी ताप आला, डावा खांदा दुखायला लागला, नाडी १२० च्या पुढे. कोऑर्डिनेटरला व्हॉट्सअॅप केलं. उत्तर आलं, "गॅस आहे, चालत राहा." ह्यांनी रात्रीच गावातल्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी नाडी पाहिली आणि एकच वाक्य बोलले, "आत्ता निघा." सीटी स्कॅनमध्ये टाके घातलेल्या रेषेतून गळती. शस्त्रक्रियेनंतर नाडी धावत असेल, पोट किंवा डावा खांदा दुखत असेल, तर गॅस म्हणणाऱ्याचं ऐकू नका, सरळ इस्पितळ गाठा. पुढचे सहा आठवडे पोटात गळती झाकणारी नळी, म्हणजे स्टेंट, कुशीला ड्रेनची पिशवी, आतड्यात घातलेल्या नळीतून जेवण. याचं बिल वेगळं. पॅकेजच्या कागदावर मागच्या बाजूला बारीक ओळ होतीच: गुंतागुंत वगळून.

गळती कोणत्याही चांगल्या सर्जनकडे होऊ शकते, त्याला मी फसवणूक म्हणत नाही. आमच्या शाळेतल्या एका सरांचा मधुमेह याच शस्त्रक्रियेने आटोक्यात आला. फसवणूक निघाली ती क्लेम नाकारल्याच्या पत्रात.

डॉक्टरांची मर्यादा वेगळी असते आणि विम्याची वेगळी. आपल्याकडच्या लोकांना कमी बीएमआयलाही शस्त्रक्रिया सुचवतात. पॉलिसीत मात्र बीएमआय ४० लागतो, किंवा ३५ आणि सोबत आटोक्यात नसलेला मधुमेह, झोपेत श्वास अडकणं असं काहीतरी गंभीर. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. मग कोऱ्या फॉर्मवर कुणीतरी लिहिलं: उंची १५२, वजन ९३. करा भागाकार, बरोबर ४० च्या वर येतो. पण भूलतज्ज्ञांच्या कागदावर खरं वजन राहून गेलं, ८४, कारण औषधाचा डोस वजनावर ठरतो. एकाच फाइलमध्ये दोन बायका. विमा कंपनीच्या तपासनिसाला ते दिसलं आणि खोटी माहिती दिल्याचा ठपका आला माझ्यावर. सही माझीच ना.

फाइल मागितली. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावीत असा डॉक्टरांसाठीचा नियम आहे. मला पाच आठवडे फिरवलं. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी विनंतीला तिथे कुणी भीक घालत नाही. शस्त्रक्रिया ठरायच्या आधीच, वजन-उंची लिहिलेल्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला असता तर आज माझं काम सोपं झालं असतं.

आता प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगात आहे. बी-१२, लोह, जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर. केस मुठीने गळले, ते हळूहळू परत येतायत.

फाइलमध्ये आहारतज्ज्ञांनी माझं पाऊण तास समुपदेशन केल्याची नोंद आहे, तारखेसकट. त्या दिवशी सकाळी अकरा ते दोन मी दहावीच्या पेपरला सुपरव्हिजन करत होते. वकील म्हणाले, "बाई, त्या केंद्राच्या हजेरीपटाची प्रत काढा." कालच अर्ज दिला.