वादी रम: केसांच्या तंबूतले दोन मुक्काम

माझ्या आजोबांची मेंढरं होती. दिवाळी झाली की फलटणकडून त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांसह सगळं बिऱ्हाड, कोकणाकडे उतरायचा, आणि उघड्या रानात अंगावर एक घोंगडी एवढाच आसरा. म्हणून जानेवारीत जॉर्डनला जायचं ठरलं तेव्हा बाकीचा सगळा बेत बायकोवर सोडला. वादी रम हे तिथलं वाळवंट, शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्या बेदुइन लोकांचं. तिथल्या दोन रात्री मात्र हट्टाने मागून घेतल्या आणि आजोबांची घोंगडी बॅगेत घातली.

अकाबा या बंदराच्या शहरातून टॅक्सीने तासाभरात पोचलो. प्रवेशाचे माणशी 5 दिनार भरायचे आणि तिथून पुढे कॅम्पवाल्यांच्या पिकअपमध्ये मागे बसून वाळूतून जायचं. मुंबईच्या एजंटने आम्हाला काचेच्या घुमटासारखी खोली घ्यायला सांगितलं होतं, आतून तारे दिसतात म्हणून. तारे बाहेर चटईवर पडूनही दिसतात, आणि किती! आम्ही एका कुटुंबाचा लहानसा कॅम्प घेतला. ते बरं झालं.

पहिली रात्र पाहुण्यांची. वीसेक माणसं, गाणी, टाळ्या, आणि झर्ब. वाळूत पुरलेल्या पिंपात तळाशी निखारे, वर जाळीच्या थाळ्यांत मांस, बटाटे, कांदे, गाजरं. झाकण, त्यावर कांबळं आणि वाळू. काही तासांनी उकरून काढलं तेव्हा वाफेच्या वासानेच सगळे गप्प झाले. मांस हाडापासून आपोआप सुटत होतं. शाकाहारी मंडळींनी मात्र आधी कळवावं, कारण भाज्या मांसासोबत त्याच पिंपात शिजतात आणि मांसाची चरबी त्यांना लागू शकते. बायकोला त्या रात्री भात, हमस आणि कोशिंबिरीवर भागवावं लागलं. दुसऱ्या दिवशी सांगितल्यावर त्यांनी तिच्या भाज्या वेगळ्या शिजवल्या, कुरकुर न करता.

जेवणाचा मोठा तंबू कारखान्यातल्या कापडाचा होता. ते मला खटकलं, आणि मी विचारलंही. यजमानाने सरळ सांगितलं, आम्ही आता रम गावात सिमेंटच्या घरात राहतो, मुलं शाळेत जातात, शेळ्या काकांकडे आहेत. मग तो आम्हाला मागच्या बाजूला काकांच्या तंबूत घेऊन गेला.

तो खरा बैत अल-शअर, म्हणजे केसांचं घर. शेळीच्या काळ्या केसांच्या लांब पट्ट्या बायका जमिनीवरच्या मागावर विणतात आणि त्या एकमेकींना शिवतात. हात लावला तर खरखरीत, आणि आतून बघितलं तर विणीतून उन्हाचे बारीक ठिपके दिसतात. पावसात केस फुगून ती भोकं मिटतात. उन्हात त्यांतूनच धूर आणि गरम हवा बाहेर जाते.

दुसऱ्या रात्री कॅम्पवर आम्ही दोघंच होतो. काकांनी चुलीवर मरमिय्या (सेज नावाचा सुगंधी पाला) घातलेला गोड चहा केला, मग गहवा, म्हणजे अरबी कॉफी. हा गहवा फिकट पिवळसर, वेलदोड्याचा, बिनसाखरेचा, आणि कप बिनकानाचा, घोटभराचा. कप नुसता परत दिला की ते पुन्हा भरतात. पुरे म्हणायचं तर तो हाताने हलकेच हलवून द्यायचा, हे त्यांनी करून दाखवलं. थंडी एवढी वाढली की मी घोंगडी काढली. काकांनी ती मागून घेतली. कडेचा एक दोरा चिमटीत धरून पीळ उलगडून बघितला, वास घेतला आणि पुतण्याकरवी विचारलं, शेळी की मेंढी? मेंढी, म्हटलं. चिंचोक्याची खळ लावतात हे मी कसंबसं समजावलं. मग कितीतरी वेळ त्यांनी ती गुडघ्यांवरून काढली नाही.

जीपच्या सहलीत खझाली घळीतली खडकावर कोरलेली माणसं आणि पावलं दाखवतात. छान आहे, पण ड्रायव्हर घाई करतो, त्याला थांबायला सांगा.

एका रात्रीत फक्त गाणी आणि झर्ब पदरात पडतो. दोन रात्री घ्या, दुसरी सुट्टीचे दिवस टाळून, गर्दी नसताना घ्या, आणि बुकिंगच्या वेळीच विचारा, हाताने विणलेल्या तंबूत बसायला मिळेल का. जानेवारीत पायमोजे दोन जोड लागतात.