काउंटी हेल्थ रँकिंग्ज : उपयुक्त संकेतस्थळ, पण आकडे जपून वाचावेत

अमेरिकेतील एखाद्या काउंटीच्या (राज्यातील जिल्ह्यासारख्या विभागाच्या) रहिवाशांना स्वतःची प्रकृती कशी वाटते आणि आजारपणात त्यांना डॉक्टर कितपत मिळतो, हे एकाच ठिकाणी पाहायचे असेल, तर विस्कॉन्सिन विद्यापीठातील संस्थेने २०१० पासून चालवलेले ‘काउंटी हेल्थ रँकिंग्ज’ हे संकेतस्थळ मला सर्वांत सोयीचे वाटते. राज्य आणि काउंटी निवडली की माहिती समोर येते. ती पाहण्यासाठी शुल्क नाही.

प्रकृतीचा आकडा अगदी साध्या प्रश्नातून येतो. सीडीसी ही रोगनियंत्रणाचे काम पाहणारी अमेरिकेची केंद्रीय संस्था राज्यांच्या सहकार्याने १९८४ पासून दूरध्वनीवरून सर्वेक्षण करते. त्यात ‘एकंदरीत तुमची प्रकृती कशी आहे?’ असे विचारले जाते, आणि ‘जेमतेम बरी’ किंवा ‘वाईट’ असे सांगणाऱ्या प्रौढांचे प्रमाण वयाच्या फरकाचा हिशेब करून दिले जाते, त्यामुळे वृद्धांची काउंटी आणि तरुणांची काउंटी यांची तुलना करता येते. स्वतःच्या तोंडून सांगितलेली प्रकृती हा कच्चा पुरावा आहे, असे अनेकांना वाटते. पण आयडलर आणि बेन्यामिनी या संशोधकांनी १९९७ मध्ये २७ अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा बहुतेक अभ्यासांत माहीत असलेले आजार हिशेबात धरूनही या उत्तराचा पुढील मृत्यूशी संबंध दिसला. म्हणून या मापाला येथे मिळालेले महत्त्व मला योग्य वाटते.

अडचण आहे ती लहान काउंट्यांची. तेथे सर्वेक्षणात सापडणारी माणसे इतकी थोडी असतात की आकडा थेट मोजला जात नाही. वय, वंश, शिक्षण यांसारख्या माहितीच्या आधारे गणिती प्रारूप (मॉडेल) वापरून त्याचा अंदाज बांधला जातो. याचा अर्थ असा की एखाद्या काउंटीने नवे आरोग्य केंद्र उघडले आणि लोकांना खरोखर बरे वाटू लागले, तरी तो बदल या आकड्यात उमटेलच असे नाही. स्थानिक योजनेचे यश मोजायला हा आकडा वापरणे चूक आहे. ‘अंदाज’ हा शब्द त्याच्या शेजारीच मोठ्या अक्षरांत असावा, असे मला मनापासून वाटते.

उपचारांच्या उपलब्धतेसाठी विमा नसलेल्यांचे प्रमाण आणि प्राथमिक उपचार करणाऱ्या एका डॉक्टरमागे किती लोक आहेत, हे दिलेले असते. दुसऱ्या मापात ७५ वर्षांखालील डॉक्टर धरले जातात, नर्स प्रॅक्टिशनर (तपासणी आणि उपचार करू शकणाऱ्या विशेष प्रशिक्षित परिचारिका) मात्र धरले जात नाहीत, आणि ग्रामीण भागात पुष्कळांचा आधार तेच असतात. शिवाय शेजारच्या काउंटीतील डॉक्टरकडे जाणारे लोक या गुणोत्तरात दिसत नाहीत.

या संकेतस्थळावर काउंट्यांची क्रमवारी देणे २०२४ मध्ये बंद झाले, हे उत्तम झाले. जवळजवळच्या दोन क्रमांकांतील फरकाला बहुतेक वेळा काही अर्थ नसे. आता एक मागणी उरते. खर्च परवडत नाही म्हणून गेल्या वर्षभरात डॉक्टरकडे जाणे टाळावे लागले का, असाही प्रश्न सीडीसीच्या त्याच सर्वेक्षणात विचारला जातो. डॉक्टरांची संख्या किती, यापेक्षा त्या प्रश्नाचे उत्तर माणसाच्या अडचणीच्या अधिक जवळ जाते, आणि प्रकृतीच्या आकड्याशेजारी मला तेच पाहायला आवडेल.