यीस्ट डिस्प्ले की लिब्रा-सेक?

हजारो प्रतिपिंडांपैकी (अँटिबॉडींपैकी) कोणते कोणत्या प्रतिजनाला (अँटिजेनला, म्हणजे प्रतिपिंड ज्याला धरते त्या रेणूला) चिकटते हे एका दमात तपासायचे असेल, तर आमच्यासारख्या मध्यम प्रयोगशाळेपुढे बहुधा दोनच पर्याय उरतात: बोडर आणि विट्रप यांनी १९९७ मध्ये मांडलेला यीस्ट डिस्प्ले (यीस्ट पेशींच्या पृष्ठभागावर प्रतिपिंडे मांडून तपासण्याचे तंत्र), किंवा व्हँडरबिल्ट विद्यापीठातील जॉर्जिएव्ह यांच्या गटाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेले लिब्रा-सेक (रक्तदात्याच्या बी पेशींना, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींना, प्रतिजन लावून त्यांचे सिक्वेन्सिंग करण्याचे तंत्र).

लिब्रा-सेकचे बळ नाकारण्यात अर्थ नाही. प्रत्येक प्रतिजनावर डीएनएचा वेगळा बारकोड (ओळखखूण) असल्यामुळे एका बी पेशीने काय काय धरले आणि तिच्या प्रतिपिंडाच्या जड व हलक्या साखळ्यांची मूळ जोडी कोणती, हे दोन्ही एकाच सिक्वेन्सिंगमधून कळते. एचआयव्हीचे निरनिराळे प्रकार ओळखणारे प्रतिपिंड शोधताना ही सोय मोठी आहे. यीस्टवर प्रतिजन ओळखायला एका वेळी मोजकेच चमकणारे रंग चालतात, आणि साध्या लायब्ररीत (प्रतिपिंडांच्या जनुकांच्या संग्रहात) साखळ्यांच्या मूळ जोड्या मोडतात. त्या टिकवण्याची तंत्रे आहेत, पण त्यांना हात बसावा लागतो.

तरीही माझा कौल यीस्टकडे गेला, तो एका त्रासामुळे. लिब्रा-सेकमध्ये पेशीला एकदाच विचारता येते. सिक्वेन्सिंगसाठी सूक्ष्म थेंबात बंद केलेली पेशी फुटते आणि रक्तदात्याचा तेवढा नमुना संपतो. प्रतिजनांचा संच ठरवून प्रयोग उरकावा, तर पुढच्याच बैठकीत कोणीतरी विचारते, "मग या नव्या उपप्रकाराचे काय?" मग निवडक जनुके पुन्हा मागवा, एचईके पेशींत (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींत) प्रतिपिंडे बनवा, एलायझा (चिकटणे मोजणारी चाचणी) लावा. यीस्टमध्ये उणे ८० अंशांवरची लायब्ररीची कुपी काढून वाढवायची, यीस्टने प्रतिपिंडे बनवावीत म्हणून गॅलॅक्टोजमध्ये २० अंशांवर ठेवायची आणि बायोटिन (रंग जोडण्यासाठीची खूण) लावलेला नवा प्रतिजन देऊन सॉर्टरवर (रंगानुसार पेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्रावर) चढवायची, एवढेच काम. शिवाय सी-मिक टॅगचा (प्रतिपिंड किती बनले हे दाखवणाऱ्या खुणेचा) रंग दुसऱ्या अक्षावर असल्याने कमी चिकटणारा क्लोन (एकाच प्रतिपिंडाचे यीस्ट) आणि मुळात कमी बनणारा क्लोन सहसा वेगळे दिसतात. लिब्रा-सेकच्या स्कोअरवरून (प्रतिजनाच्या बारकोडच्या मोजणीतून काढलेल्या आकड्यावरून) हा फरक मला तितक्या खात्रीने करता आला नाही.

यीस्टच्याही कुरबुरी आहेत. प्रतिजनाऐवजी स्ट्रेप्टॅव्हिडिनलाच (बायोटिनला धरून रंग आणणाऱ्या प्रथिनालाच) चिकटणारे क्लोन फेरीगणिक डोके वर काढतात, म्हणून स्ट्रेप्टॅव्हिडिन आणि बायोटिनविरोधी प्रतिपिंड अशी दुय्यम अभिकर्मके आलटूनपालटून वापरावी लागतात.

नमुना मुबलक असेल आणि प्रतिजनांची यादी खरोखरच पक्की असेल, तर लिब्रा-सेक जरूर घ्यावे. फक्त सगळ्या पेशी एकाच वेळी न वापरता काही द्रवरूप नायट्रोजनमध्ये राखून ठेवाव्यात.